भूमीचे वाचन : अनेकार्थता आणि उत्तरदायित्व

१

साहित्यकृतीला एकच एक अर्थ नसतो, हे विधान मराठी समीक्षेत आता वादाचा विषय राहिलेले नाही. लेखकाच्या हेतूला अर्थनिर्णयात किती स्थान द्यावे, वाचकाचे स्वातंत्र्य कोठवर मानावे, याविषयी मतभेद आहेत. पण अर्थाची अनेकता हे गृहीतक बहुतेकांनी स्वीकारलेले आहे. रोलाँ बार्थ यांचा लेखकाच्या मृत्यूविषयीचा निबंध प्रथम १९६७ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी ई. डी. हर्श यांनी अर्थनिर्णयाच्या प्रामाण्याची बाजू मांडणारा ग्रंथ प्रकाशित केला. पुढील तीन-चार दशकांतील वादाची दोन्ही टोके अशी एकाच वर्षात उभी राहिली. त्याच वर्षी ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनानगर हादरले आणि दोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. हा केवळ कालयोग आहे. त्यातून काही सिद्ध होत नाही. परंतु त्याच्या निमित्ताने एक प्रश्न मात्र विचारता येतो. अर्थ अनेक असतात असे म्हटल्यानंतर, त्यांपैकी एक निवडून बोलणाऱ्याचे उत्तरदायित्व संपते, की तेथूनच सुरू होते?

हा प्रश्न साहित्याच्या अंगणात विचारला की त्याला एक प्रकारचे सौम्यत्व येते. कवितेचा चुकीचा अर्थ लावल्याने कोणाचे घर पडत नाही, असे आपण समजून चालतो. म्हणून प्रस्तुत लेखात साहित्याबाहेरील एक वाचनव्यवहार परीक्षेसाठी घेतला आहे : जमिनीत वीज सोडून तिच्या रोधकतेवरून भूगर्भाचे, विशेषतः विभंगांचे आणि भूकंपप्रवण पट्ट्यांचे, स्वरूप जाणण्याचा व्यवहार. या व्यवहारातही संहिता दिसत नाही, चिन्हे अनेकार्थी असतात आणि वाचकाला काही ना काही निवडावेच लागते. फरक असा की येथे वाचनाची किंमत वाचक सोडून दुसऱ्याच कोणाला द्यावी लागते.

२

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेला उद्योगपट्टा दख्खनच्या बेसाल्टवर उभा आहे. वर कोठे काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला आणि मग अखंड कातळ, अशी येथील भूमीची ढोबळ रचना. पिंपरीत १९५४ साली प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पवना व इंद्रायणीच्या काठची शेते हळूहळू भूखंड झाली. २०११ च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत १७ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली.

अशा एखाद्या भूखंडावर कारखान्याचा पाया खणण्याच्या आधी चार लोखंडी सळया एका रेषेत जमिनीत ठोकल्या जातात. बाहेरच्या दोन सळयांतून प्रवाह सोडावयाचा आणि आतल्या दोहोंतील विद्युत्-दाबाचा फरक मोजावयाचा. अमेरिकेत वेनर यांनी १९१५ साली सांगितलेली आणि फ्रान्समध्ये श्लुम्बर्जे बंधूंनी त्याच सुमारास विकसित केलेली ही रीत तत्त्वतः फारशी बदललेली नाही. सळयांतील अंतर वाढवीत जावे तसतसा प्रवाह अधिक खोलवर पसरतो आणि मोजणीत अधिक खोलीचा वाटा येऊ लागतो. मिळतो तो एक आकडा, ओहम-मीटरमध्ये. ओलसर काळ्या मातीची रोधकता दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, पाणी धरलेल्या भेगाळ कातळाची काही दशकांत, तर कोरड्या, अखंड बेसाल्टची शेकड्यांत जाते.

या एका आकड्याचे निदान तीन वाचक संभवतात. पहिला विद्युत् अभियंता. त्याला यंत्रांचे अर्थिंग करावयाचे असते. रोधकता कमी आली की त्याचे काम सुकर होते, आणि ती जास्त आली तर खड्ड्यात मीठ व कोळसा घालून तो ती कमी करून घेतो. म्हणजे हा वाचक आपल्या सोयीसाठी संहिताच बदलतो, आणि ते त्याच्या व्यवसायात गैर नाही. दुसरा भूजलशास्त्रज्ञ. कमी रोधकता म्हणजे त्याच्या दृष्टीने बोअरला पाणी लागण्याची शक्यता. (पाणाड्याही हेच काम करतो, त्याच्या हातातील नारळ उभा राहतो आणि याच्या कागदावरील रेषा खाली झुकते. दोहोंतील भेद कोठे आहे, हे पुढे पाहू.) तिसरा वाचक भूकंपाचा अभ्यासक. विभंग म्हणजे जेथे खडक तुटून सरकलेला आहे अशी पातळी. तेथे खडकाचा चुरा झालेला असतो, चुऱ्याची चिकणमाती होते, फटींतून पाणी शिरते. म्हणून पुष्कळदा विभंगाचा पट्टा आजूबाजूच्या खडकाहून कमी रोधकतेचा दिसतो. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास विभंगाचे पार्कफील्ड येथील चित्र असेच आहे.

पण येथेच अडचण सुरू होते. विभंग असेल तेथे रोधकता कमी असण्याचा संभव आहे, म्हणून रोधकता कमी असेल तेथे विभंग असतो असे म्हणता येत नाही. चिकणमातीचा साधा थर, खारे पाणी, गंधकयुक्त खनिजे, ग्रॅफाइट, यांपैकी कशानेही तोच आकडा मिळू शकतो. न्यायशास्त्राच्या भाषेत हा हेतू अनैकान्तिक आहे. धुरावरून अग्नी सिद्ध होतो. अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही, कारण त्यासाठी ओल्या इंधनाचा उपाधी लागतो. भूकंपशास्त्रज्ञाच्या हाती बहुधा या दुसऱ्या जातीचेच लिंग असते.

साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक जुना वाद आठवावा. अकराव्या शतकात महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेका’त असे प्रतिपादन केले की, ध्वनी म्हणून वेगळे काही मानण्याचे कारण नाही; व्यंग्यार्थ म्हणजे अनुमानच. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त त्याचे जे खंडन केले, त्याचा गाभा असा की, ज्याला तुम्ही येथे हेतू म्हणता तो व्यभिचारी आहे, त्यापासून अनुमान निघू शकत नाही, तरी सहृदयाला अर्थ मात्र कळतो. तो वक्ता, श्रोता, प्रकरण, देश, काल यांच्या साहाय्याने कळतो. हा वाद काव्यापुरता मम्मटाच्या बाजूने सुटला असे परंपरेने मानले. भूगर्भाच्या वाचनालाही तो लागू पडतो. रोधकतेच्या आकड्यावरून विभंगाचा निर्णय करणारा अभ्यासक शेजारच्या विहिरींची खोली, ओढ्याचे वळण, गुरुत्वमापनाची नोंद, पूर्वीच्या हादऱ्यांची स्थाने अशा संदर्भांच्या आधारेच अर्थ लावीत असतो. त्याचा निष्कर्ष व्यंग्याच्या जातीचा असतो. व्यंग्य असल्याने तो हीन ठरत नाही. दोष घडतो तो व्यंग्याला अनुमिताची वस्त्रे चढवून लोकांसमोर उभे केल्याने.

३

अनेकार्थतेचे दुसरे मूळ गणितात आहे. खडकाची रचना ठाऊक असेल तर पृष्ठभागावर काय मोजले जाईल, हे निश्चितपणे सांगता येते. उलट दिशेने, मोजणीवरून रचनेकडे जाताना, ही निश्चिती राहत नाही. साधे उदाहरण घेऊ. वर-खाली कठीण कातळ आणि मध्ये १० मीटर जाडीचा, २० ओहम-मीटर रोधकतेचा थर, अशी एक भूमी कल्पावी. दुसरीकडे त्याच खोलीवर ५ मीटर जाडीचा, १० ओहम-मीटर रोधकतेचा थर असलेली भूमी कल्पावी. या दोहोंवरील मोजणी व्यवहारतः सारखीच येते, कारण पृष्ठभागाला केवळ जाडी व रोधकता यांचे गुणोत्तर कळते. कितीही काळजीपूर्वक मोजले तरी ही दोन चित्रे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. भूभौतिकीत यांना समतुल्य प्रतिमाने म्हणतात.

अधिक खोलीसाठी सळयांचा उपयोग होत नाही. तेथे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या आणि दूरच्या विजांच्या प्रभावाने पृथ्वीत आपोआप वाहणारे क्षीण प्रवाह मोजले जातात. मॅग्नेटोटेल्युरिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रीतीची मांडणी रशियात तिखोनॉव्ह यांनी १९५० मध्ये आणि फ्रान्समध्ये कान्यार यांनी १९५३ मध्ये केली. याच तिखोनॉव्ह यांनी पुढे अशा समस्यांचे सामान्य गणित रचले, ज्यांना एकमेव आणि स्थिर उत्तर नसते. त्यांचा उपाय थोडक्यात असा : मोजणीशी जुळणाऱ्या असंख्य चित्रांपैकी आपण आधीच ठरवून ठेवलेल्या एखाद्या गुणाला सर्वाधिक उतरणारे चित्र निवडावे. १९८७ पासून रूढ झालेल्या एका पद्धतीत हा गुण म्हणजे नितळपणा. जे चित्र मोजणीला पुरेसे जुळते आणि त्याचबरोबर सर्वांत कमी खडबडीत आहे, ते स्वीकारावयाचे. या पद्धतीला ऑकमचे नाव दिलेले आहे. अनावश्यक गुंतागुंत कल्पू नये हे तिचे सूत्र.

म्हणजे संगणकाने काढलेल्या रंगीत छेदचित्रात दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात : भूमीने सांगितलेले काही, आणि वाचकाने पसंत केलेले काही. कोणती रेषा कोणाची, हे चित्राकडे पाहून कळत नाही. गाडामर यांनी १९६० साली पूर्वग्रहाविषयी जे सांगितले, त्याचे इतके नेटके उदाहरण क्वचितच सापडेल. पूर्वग्रहावाचून येथे वाचनच संभवत नाही. तो काढून टाकला तर हाती चित्र येण्याऐवजी असंख्य चित्रांचा ढीग येतो. आणि तरीही या पूर्वग्रहाचे एक विशेष वैगुण्य आहे. ज्याचा शोध घ्यावयाचा तो विभंग म्हणजे खंड, तूट, अकस्मात बदल. आणि वाचनाची रीत मात्र नितळपणाला झुकते माप देणारी. परिणामी खडकातील तीक्ष्ण भेग चित्रात एका पसरट, मवाळ छटेच्या रूपाने उतरते. शोधणाऱ्याची आवडच शोधल्या जाणाऱ्या वस्तूला बोथट करते.

मराठी समीक्षेने हे वाचून जरा थांबावे असे वाटते. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांवर कलाकृतीच्या लयबद्धतेचा विचार उभारला. त्यानंतरच्या समीक्षेत, मर्ढेकरांना मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या दोन्ही गटांत, सेंद्रिय एकात्मतेचा निकष दीर्घकाळ प्रमाण राहिला. या निकषाने पुष्कळ काही दाखवून दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तोही नितळपणाचाच निकष होता. ज्या कृतीत अनुभव मध्येच तुटतो, निवेदन सांधेमोड करते, भाषा दोन थरांत फाटते, त्या कृतीतील तूट या निकषाच्या चित्रात दोष म्हणून तरी उमटते किंवा उमटतच नाही. भूभौतिकीचा अभ्यासक निदान आपल्या शोधनिबंधात कोणती पद्धत वापरली आणि मोजणी व चित्र यांत किती तफावत उरली, हे नोंदवितो. समीक्षेत अशी तफावत नोंदविण्याचा प्रघात नाही. आपल्या अर्थाला कृतीतील कोणते भाग जुळत नाहीत, याची यादी जोडणारा समीक्षालेख विरळाच.

पाणाडी आणि शास्त्रज्ञ यांच्यातील भेद येथे स्पष्ट होतो. दोघांचेही अंदाज खरे ठरतात आणि चुकतात. पाणाड्याच्या चुकीला हिशेब नाही. नारळ का उभा राहिला आणि पाणी का लागले नाही, याची मांडणी करण्याची जागाच त्याच्या विद्येत नाही. शास्त्रज्ञाच्या वाचनाचे वेगळेपण त्याने आपल्या चुकण्याची रीत आधी सांगून ठेवलेली असते यात आहे. केवळ अचूकतेत ते शोधू नये. कोयना परिसरात खोल छिद्रणाचा जो प्रकल्प कराड येथील केंद्रामार्फत राबविला गेला आणि ज्यात ३ किलोमीटरहून खोल गेलेले छिद्र २०१७ साली पूर्ण झाले, त्याचे नैतिक महत्त्व मला यात दिसते. तेथे बेसाल्टखालचा ग्रॅनाइटी तळखडक सुमारे सव्वा किलोमीटरवर लागला. पृष्ठभागावरून केलेले वाचन प्रत्यक्षाशी ताडून पाहण्याची, आणि चूक असेल तर ती मान्य करण्याची, ही तयारी होती.

४

आता अनेकार्थतेहून अधिक कठीण प्रसंगाकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी आणि तेरणेच्या खोऱ्यातील गावे जमीनदोस्त झाली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंपाची महत्ता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यमच. परंतु मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले.

तत्कालीन भारतीय मानकाच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीत हादऱ्यांची मालिका होऊन गेली होती. लोक घाबरले होते. पण त्या लहान हादऱ्यांचा मागोवा घेईल असे यंत्रजाळे त्या परिसरात नव्हते, पृष्ठभागावर ठळक विभंग दिसत नव्हता, आणि खाली काय आहे याचे विद्युत् वाचन झालेले नव्हते. ते वाचन नंतर झाले. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटरपर्यंत छिद्र घेतले तेव्हा बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली. मॅग्नेटोटेल्युरिक पाहणीत भूकंपकेंद्राच्या परिसरात काही किलोमीटर खोलीवर कमी रोधकतेचा भाग आढळला, आणि तेथे द्रव साठलेले असावेत असा अर्थ लावला गेला.

नकाशावरील पहिला विभाग म्हणजे काय? ‘येथे धोका नाही हे आम्हांस ठाऊक आहे’, की ‘येथे धोका असल्याचे आम्हांस ठाऊक नाही’? नकाशाचा रंग दोन्ही विधानांना एकच असतो. नकाशा करणाऱ्याच्या मनात बहुधा दुसरे विधान असते. नकाशा वाचणारा अधिकारी, कंत्राटदार आणि शेतकरी त्यात पहिले वाचतात. अभावाचे ज्ञान आणि ज्ञानाचा अभाव यांतील हा भेद भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धीच्या चर्चेत काटेकोरपणे केलेला आहे. घट दिसत नाही म्हणून घट नाही, असे म्हणण्यासाठी ती अनुपलब्धी योग्य असावी लागते; म्हणजे घट असता तर तो दिसलाच असता, इतका प्रकाश आणि इतकी सन्निधता असावी लागते. अंधारात घट न दिसणे हे घटाच्या अभावाचे प्रमाण नव्हे. किल्लारीखालील भूमी अंधारातच होती. तेथील न दिसण्याला आपण अभावाचा दर्जा दिला, आणि त्या दर्जावर भिंती उभ्या राहिल्या.

यात कोणा एका व्यक्तीचा दोष शोधणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश नाही. उपलब्ध ज्ञानावर नकाशा आखणे भागच होते, आणि २००२ च्या सुधारणेत पहिला विभाग काढून टाकण्यात आला. मुद्दा असा की, मौन हेही वाचनच असते. नकाशातील रिकामी जागा बोलते, आणि ती आपल्या वतीने काय बोलेल याची जबाबदारी ती रिकामी सोडणाऱ्यावर राहते.

उद्योगपट्ट्याच्या संदर्भात या मुद्द्याला आणखी एक धार आहे. मॅग्नेटोटेल्युरिक मोजणीला शांत भूमी लागते. जमिनीखालचे नळ आणि केबली, कुंपणाच्या तारा, यंत्रांचे भरकटलेले प्रवाह यांच्या गोंगाटात पृथ्वीचे क्षीण प्रवाह ऐकू येईनासे होतात. म्हणून असे सर्वेक्षण करणारे वस्ती आणि कारखाने शक्यतो टाळतात. जेथे माणसे सर्वाधिक दाटलेली, तेथेच भूमीचे वाचन सर्वांत धूसर. पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये मराठवाड्यातून कामासाठी आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. २००२ च्या नकाशात पुणे परिसर तिसऱ्या आणि कोयना चौथ्या विभागात आहे. येथील भूमीखाली धोका दडला आहे असे सूचित करण्याचा येथे हेतू नाही, तसे म्हणण्यास आधारही नाही. म्हणावयाचे ते इतकेच की, गोंगाटात ऐकू न येणे आणि आवाजच नसणे या भिन्न गोष्टी आहेत, हे येथेही विसरता कामा नये.

५

याच्या उलट टोकाला अतिवाचनाचा मोह आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी असा सिद्धान्त पुढे आला की, मोठ्या भूकंपापूर्वी ताणाखालच्या खडकात सूक्ष्म भेगा उघडतात, त्यांत पाणी शिरते आणि त्यामुळे रोधकता बदलते. मोजणारी यंत्रे बसवावीत आणि भूकंपाची चाहूल घ्यावी, अशी आशा निर्माण झाली. ४ फेब्रुवारी १९७५ च्या चीनमधील हायचेंग भूकंपापूर्वी लोकांना घराबाहेर काढण्यात आले. त्यात आदल्या लहान हादऱ्यांचा वाटा मोठा होता. पुढच्याच वर्षी तांगशानला असा इशारा मिळाला नाही आणि अधिकृत आकड्यानुसार २ लाख ४२ हजार माणसे मेली. तेथे रोधकता आधीपासून घटत होती, असे नंतर नोंदी पाहून सांगण्यात आले. ग्रीसमध्ये १९८० च्या दशकापासून वारोत्सोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीतील विद्युत् संकेतांवरून भूकंपांची भाकिते केली; त्यांवरील आक्षेप मुख्यतः हाच होता की, स्थळ, काळ आणि महत्ता यांच्या मर्यादा इतक्या सैल ठेवल्या तर यदृच्छेनेही काही भाकिते खरी ठरतील. पार्कफील्डला सर्व प्रकारची यंत्रे लावून वाट पाहिली गेली. २८ सप्टेंबर २००४ रोजी तेथे ६ महत्तेचा भूकंप झाला आणि रोधकतेच्या नोंदींत त्याची निर्विवाद पूर्वखूण सापडली नाही.

घटना घडून गेल्यावर तिच्या आधीचे सर्व काही सूचक वाटू लागते. शोकांतिका दुसऱ्यांदा वाचताना पहिल्या अंकातील प्रत्येक वाक्य अर्थगर्भ भासते, तसेच हे. साहित्यात हा मागाहून लागणारा अर्थ वैध असतो, कारण तेथे शेवट आधीच रचलेला असतो आणि आरंभ त्याच्या अनुरोधाने लिहिलेला असतो. भूमीला असा रचयिता नाही. तिच्या बाबतीत मागाहून लागलेला अर्थ पुढच्या घटनेवर कसाला लागेपर्यंत कथाच असतो.

मौन आणि अतिवाचन यांच्यामध्ये बोलण्याची जागा किती अरुंद आहे, हे इटलीतील लाक्विलाच्या प्रकरणाने दाखविले. ६ एप्रिल २००९ च्या भूकंपात तेथे ३०९ माणसे मेली. आदल्या आठवड्यात तज्ज्ञांची बैठक झाली होती आणि हादऱ्यांच्या मालिकेमुळे धोका वाढलेला नाही असा दिलासा लोकांपर्यंत पोहोचला होता. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि एक अधिकारी यांना सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष ठरले, अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. भूकंपाचे भाकीत केले नाही म्हणून शास्त्रज्ञांना शिक्षा, असे या खटल्याचे वर्णन जगभर झाले. ते अपुरे आहे. लोकांची तक्रार अशी होती की, हादरा बसला की घराबाहेर झोपावे ही त्यांची जुनी रीत त्या दिलाशाने मोडली. न सांगता येणारे सांगितले नाही, हा अपराध नव्हे. ‘सांगता येत नाही’ याचे भाषांतर ‘काही होणार नाही’ असे होऊ देणे, हा मात्र नैतिक दोष आहे. कायद्याने त्याची वाटणी कशीही केली तरी.

६

येथवर आलेल्या वाचकाच्या मनात एक आक्षेप असणार. ही तुलना साहित्याला न्याय देते काय? भूमीला वाचकनिरपेक्ष अस्तित्व आहे. छिद्र घेतले की खडक हाती येतो. कवितेच्या तळाशी असे छिद्र घेऊन काढता येईल असे काही नाही. हा भेद खरा आहे. परंतु त्यातून समीक्षकाची सुटका होत नाही, उलट त्याचे ओझे वाढते. ज्याचे वाचन पुढे कधी तरी ताडून पाहिले जाणार आहे, तो एकदा चुकला तरी ती चूक पकडली जाईल असे मानू शकतो. ज्याच्या वाचनाला असा अंतिम पुरावा नाही, त्याने तर आपल्या निवडीची कारणे अधिकच उघड करावयास हवीत.

शिवाय साहित्यातील वाचनाची किंमत कोणी देत नाही, हेही खरे नाही. मराठी वाङ्मयेतिहासाचाही एक विभागनकाशा होता, आणि त्यातील फार मोठा प्रदेश रिकामा होता. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, १९६३ मध्ये बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ आणि १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी त्या प्रदेशात अनुभव नव्हता असे नाही. तो ऐकण्याची यंत्रे आपण तेथे बसविली नव्हती, आणि ऐकू न आल्याला नसण्याचा दर्जा दिला होता. हीसुद्धा अयोग्य अनुपलब्धीच. हादरा बसल्यावर काही समीक्षकांनी तो अकस्मात आला असे म्हटले. अकस्मात होते ते केवळ आपले ऐकणे. या मौनाची किंमत ज्यांनी दिली त्यांची गणना होत नाही. न लिहिल्या गेलेल्या, न छापल्या गेलेल्या लेखनाची नोंद कोठे राहणार?

तेव्हा अनेकार्थता मान्य करूनही वाचकाकडून तीन गोष्टींची अपेक्षा करता येईल. आपल्या अर्थाला समतुल्य असे दुसरे अर्थ कोणते, हे त्याने सांगावे. त्यांतून हा एक निवडताना आपण कोणती आवड वापरली, ते लपवू नये. विशेषतः ती आवड शोधल्या जाणाऱ्या वस्तूलाच बोथट करणारी असेल तर. आणि जेथे आपल्याला काही दिसले नाही, तेथे दिसण्याजोगा प्रकाश होता काय, हे आधी विचारावे. या तिन्ही अपेक्षा पाळूनही वाचन चुकेल. पण त्या चुकीला हिशेब राहील.

चौथी गोष्ट वाचनाच्या बाहेरची आहे. भूकंप केव्हा होईल हे सांगता येत नसले तरी भिंत कशी बांधावी हे सांगता येते. दगडी भिंतीत आडवे पट्टे घालणे, छताचे ओझे कमी करणे, कोपरे बांधून घेणे, या गोष्टींना भूमीच्या अंतिम अर्थाची वाट पाहावी लागत नाही. अर्थ अनिश्चित राहणार हे ज्याने मनापासून स्वीकारले, त्याचे कर्तव्य अधिक अचूक भाकिताच्या मागे धावण्याने संपत नाही. आपले वाचन चुकले तरी माणसे वाचतील अशी रचना करण्यापर्यंत ते जाते. समीक्षेच्या क्षेत्रात अशी रचना कोणती असेल, याचे उत्तर एका लेखात देता येण्याजोगे नाही. आपल्या अर्थाला न जुळणाऱ्या कृतींना नियतकालिकांत, अभ्यासक्रमांत आणि ग्रंथालयांत जागा राखून ठेवणे, ही तिची सुरुवात असू शकेल.

चाकणच्या भूखंडावर मोजणी संपली की सळया उपटल्या जातात, तारा गुंडाळल्या जातात आणि आकड्यांचा तक्ता कोणाच्या तरी टेबलावर जातो. त्या तक्त्यावर सही करणाऱ्याला खाली काय आहे हे ठाऊक नसते. जेवढे मोजले आणि जसे वाचले, तेवढ्याचीच ती सही असते. त्या जमिनीवर उद्या जे राहतील त्यांना मात्र त्या सहीवर विश्वासून झोपावे लागते.